‘जातो’ म्हणायचा नियम

माझ्या तोंडाबद्दल कंपनीत कुणाचंच चांगलं मत नव्हतं आणि ते मला ठाऊक होतं. कुणी उशिरा आला की मी घड्याळाकडे बघून विचारायचो, "जेवूनच आलात, की अजून जायचंय?" कुणी रजा मागितली की म्हणायचो, "घ्या ना, तुम्ही असताना तरी काय वेगळं होतं?" आमच्या शनिवार पेठेत याला बोलणं म्हणतात. कंपनीत त्याला अपमान म्हणायचे. माणसं माझ्या हाताखाली काम करायची, पण कामाव्यतिरिक्त एक शब्द बोलायची नाहीत. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी घरी सांगायचो.

कंपनी विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्याला. आम्ही जनावरांचं खाद्य बनवायचो. १९८७ साली मी, यज्ञेश्वर केतकर, तिथे सकाळपाळीचा सुपरवायझर होतो. पेंड, भुसा, मक्याचा भरडा आणि मळी एका मोठ्या लोखंडी मिक्सरमध्ये पडायची आणि आतली पाती ते सगळं कालवायची. मळी म्हणजे साखर कारखान्यातला काळा चिकट पाक. तो पात्यांना धरून बसायचा, म्हणून रोज पाळी संपताना एकाला आत उतरून खरवडावं लागे. मिक्सरला दोन दारं होती. एक पुढे, बटणापाशी. दुसरं मागे, आणि मागचं बटणावरच्या माणसाला काही दिसत नसे. बटणाला कुलूप बसवा, किल्ली आत उतरणाऱ्याच्या खिशात राहू द्या, असा अर्ज मी तीनदा दिला होता.

कुलूप येईना, म्हणून मी नियम काढला. आपल्याकडे निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात. घरी ते ठीक आहे. पण मिक्सरमधून बाहेर आलेला माणूस ‘येतो’ म्हणाला, तर तो घरी निघाला की खरवडायची पट्टी घेऊन पुन्हा आत उतरणार, हे बटणावरच्याने कसं ओळखायचं? म्हणून काम संपवून निघणाऱ्याने मोठ्याने ‘जातो’ म्हणायचं, परत येणार असेल त्यानेच ‘येतो’ म्हणायचं. ‘जातो’ ऐकल्याशिवाय बटण दाबायचं नाही. मी हे फळ्यावर लिहिलं आणि खाली सही ठोकली. कशासाठी, ते कुणाला सांगितलं नाही. सवयीने कुणी ‘येतो’ म्हणालाच, तर मी विचारायचो, "परत येताय? मग डबा ठेवून जा की."

त्या दिवाळीनंतर आमचे मॅनेजर श्यामसुंदर आगाशे यांनी मला बोलावून सांगितलं की तुम्हाला तीन दिवसांच्या शिबिराला पाठवतोय. विषय होता नेतृत्व आणि संवाद. मी विचारलं, "आणि बटणाचं कुलूप?"

"आधी तुमच्या जिभेला लागू दे," आगाशे म्हणाले.

शिबिर घ्यायला सरोजिनीबाई म्हणून एक साठीच्या बाई होत्या, कॉलेजातून निवृत्त झालेल्या. मी टिंगल करायच्या तयारीनेच गेलो होतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला विचारलं, तुमची कुठली गोष्ट हाताखालच्या माणसांना सगळ्यात जास्त खुपते? मी ‘जातो’चा नियम सांगितला. सगळे हसले, बाई हसल्या नाहीत.

"नियम शहाणपणाचा आहे," त्या म्हणाल्या. "तो का केलात, ते सांगितलंत त्यांना?"

"त्यांना काय कळायचंय त्यातलं?"

"आत ते उतरतात ना? मग कळेल. आधी त्यांचं ऐकून घ्या, मग तुमचं समजावून सांगा. दोन्ही करा. एक करून थांबू नका."

हे मी वहीत लिहून घेतलं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

सोमवारी पाळी सुरू व्हायच्या आधी मी सगळ्यांना चहा सांगितला आणि विचारलं, "माझं काय खुपतं तुम्हाला? मोकळेपणाने बोला." भैरू उठला. हा चऱ्होलीचा, पंचेचाळिशीचा, मिक्सरच्या बटणावर असायचा.

"सायेब, ते जातो म्हनायचं तेवढं काढा. माझा थोरला भाऊ जातो म्हनून गाडीवर बसला, त्यो घरला आलाच न्हाई. रोज त्यो शबूद तोंडातनं काढायचा म्हंजे भावाची गाडी दिसती बघा."

सगळ्यांनी माना हलवल्या. फक्त जब्बार बोलला. जब्बार येरवड्याचा, पंधरा वर्षं मिक्सरवर, रोज आत उतरणारा तोच. "साहेब, मलाही तो शब्द गोड लागत नाही. माझी बायको नसीम तर म्हणते, कंपनीतला तो शब्द घरात आणू नका. पण आत मी असतो. मला विचाराल तर राहू द्या."

समजावून सांगायची वेळ हीच होती. दोन वाक्यांचं काम होतं. पण भैरू माझ्याकडे बघत होता, सगळेच बघत होते, आणि त्या बघण्यात पहिल्यांदाच राग नव्हता. मी उठलो, फडकं घेतलं आणि फळा पुसला. टाळ्या पडल्या. जब्बारनेही वाजवल्या.

त्यानंतर माणसं माझ्याशी बोलायला लागली. भैरूने शेतातले मटार आणून दिले. कुणी लग्नाची पत्रिका दिली, कुणी जागेच्या भांडणात सल्ला विचारला. मी घरी जाऊन हे सगळं बायकोला सांगायचो. आता सांगायला लाज वाटते, पण मी त्या गोष्टीसाठी भुकेलेला होतो आणि मला ती फार आवडली.

जानेवारीतली गोष्ट. तीनला पाच मिनिटं कमी होती. जब्बार पुढच्या दारातून बाहेर आला, हात पुसले आणि भैरूला म्हणाला, "येतो रे."

"हां, या," भैरू म्हणाला. पाळी संपत आली होती. त्याला वाटलं, जब्बार घरी निघाला.

जब्बार मागच्या बाजूला गेला. कोपऱ्यातल्या पात्याला लांब पट्टी लागायची आणि ती मागे भिंतीशी ठेवलेली असे. पट्टी घेऊन तो मागच्या दाराने आत उतरला. भोंगा झाला, दुसऱ्या पाळीची माणसं आली, भैरूने पुढून आत वाकून बघितलं, मागचा कोपरा तिथून दिसत नव्हता, हाक मारली नाही, आणि बटण दाबलं.

मी वीस पावलांवर होतो. एका कामगाराला त्याच्या मुलीच्या परीक्षेचं विचारत होतो. तेही शिबिरातच शिकलो होतो. पुढचा आवाज मी इथे लिहिणार नाही. मिक्सर भैरूनेच बंद केला आणि तिथेच जमिनीवर बसला. "गेला म्हनलं," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "घरला गेला म्हनलं मी."

चौथ्या दिवशी मी येरवड्याला जब्बारच्या घरी गेलो. नसीम भिंतीला टेकून बसली होती. तिने माझ्यासाठी आतून पाणी मागवलं आणि विचारलं, "त्या दिवशी सकाळी घरातून निघताना ‘येतो’ म्हणाले. तिथेही तेच म्हणाले का?"

"हो."

"मग भैरूभाऊंची काय चूक? माणूस येतो म्हणूनच जातो ना, साहेब?" पुढे ती म्हणाली, "लोक म्हणतात, सगळं भैरूभाऊंवर टाकतील. तुम्ही टाकू देऊ नका. आमच्या घरी जेवलेला माणूस आहे तो. हे असते तर हेच बोलले असते."

"बघतो," मी म्हणालो.

पुण्यात ‘बघतो’चा अर्थ कुणालाही विचारा. पण नसीमने मान हलवली. तिला तो दिलेला शब्द वाटला. मी उठलो. दुःखाच्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणायचं नसतं, त्यामुळे काही न बोलता जिना उतरलो. ते मला बरंच झालं.

चौकशीचा अहवाल मी लिहायचा होता. भैरूची नोकरी राहणार की जाणार, ते त्या एका कागदावर ठरणार होतं. आगाशेंनी एक वाक्य आधीच लिहून ठेवलं होतं : भैरूने खात्री न करता बटण दाबले.

"नियम होता आणि तो मी काढला, हे लिहू का?" मी विचारलं.

"लिहा की. हात कुणी धरलाय?" आगाशे म्हणाले. "मग का काढलात ते विचारतील. मग नियम मुळात का केलात ते विचारतील. मग कुलपाचे तीन अर्ज निघतील आणि आपण दोघंही घरी बसू. तुमच्या बढतीची फाइल वर गेलीय, केतकर. शेरा काय दिलाय माहितीये? माणसांशी उत्तम संवाद."

मी कोरा कागद ओढला. शिबिरात ऐकलेला एक शब्दप्रयोग नेमका आठवला आणि मी लिहिलं : संवादातील त्रुटीमुळे ही दुर्घटना घडली. वाक्य छान आहे. त्यात माणूसच नाही. त्याच्याखाली आगाशेंचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं, म्हणजे माणूस आला, आणि त्याखाली सही केली. फळ्यावर केली होती तीच.

भैरूला काढलं. शेवटच्या दिवशी गणवेश जमा करून, काखेत डबा धरून तो माझ्या केबिनच्या दारात आला. काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. आधी नाव घ्यायचं, डोळ्याला डोळा द्यायचा, आवाज खाली ठेवायचा.

"भैरू," मी म्हणालो, "तुमच्या मनाला काय होत असेल, ते मला समजतंय."

त्याने नीट ऐकून घेतलं.

"सायेब, तुमी कशापायी जीवाला लावून घेता?" तो म्हणाला. "तुमी नेम बरोबर केला हुता. म्याच म्हनलो, काढा म्हून. तुमी माझं ऐकलं. आजवर कुन्या सायबानं ऐकलं न्हवतं."

अजूनही सांगता आलं असतं. कुलूप, अर्ज, ते दोन वाक्यांचं काम, अहवालाखालची सही. आयुष्यभर ज्या तोंडाने माणसांना गप्प केलं, ते गप्प राहिलं.

भैरूने चपला घातल्या, दोन पावलं गेला आणि वळला.

"जातो, सायेब," तो म्हणाला. नियमात होतं तसं, मोठ्याने.