चिठ्ठीवरची खूण

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या बिल्डिंगमध्ये मला सगळे भांडखोर म्हणतात. कपडे धुवायच्या खोलीत कुणी माझे ओले कपडे मशिनमधून उपसून वर ठेवले, की मी जो तोंडाचा पट्टा सोडते तो तिसऱ्या मजल्यावर ऐकू जातो. पण ते सगळं भीतीपोटी असतं. त्या मंगळवारी मी जे करून बसले तेही भीतीपोटीच केलं.

त्या सकाळी आम्ही चौदा जण बसने काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत निघालो होतो. जानेवारीतलं आमच्या खोऱ्यातलं धुकं, चार हातांवरचं दिसत नव्हतं. माझ्या शेजारी ओडेल पेटवे. हा माणूस एकतीस वर्षं याच गावात बस चालवून रिटायर झाला, आता नाकात नळी आणि पायाशी चाकांवरचं ऑक्सिजनचं नळकांडं. तरी प्रत्येक वळणावर ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडत होता. सगळ्यांच्या अंगावर काहीतरी पिवळं होतं. यारेलीने तसं बजावलं होतं.

यारेली म्हणजे गरिबांसाठी घरं चालवणाऱ्या एका संस्थेतली पोरगी. तिशीही ओलांडलेली नाही, पण कामाला वाघीण. आमचं ऑर्चर्ड कोर्ट, बत्तीस बिऱ्हाडांचं, तिची संस्था विकत घेणार होती. तीस वर्षांपूर्वी काउंटीने आमच्या मालकाला स्वस्तात कर्ज दिलं होतं, अट एकच, भाडी गरिबाला परवडतील अशीच ठेवायची. मालक आता म्हातारा झाला, त्याला विकून मोकळं व्हायचंय. काउंटीने ते कर्ज संस्थेच्या नावावर वर्ग केलं, तर संस्था घेणार आणि आणखी पंचावन्न वर्षं भाडी वाढू देणार नाही. शुक्रवारपर्यंत तसं झालं नाही तर सौदा मोडला. मग समुद्राकडचा एक दुसरा गिऱ्हाईक रोख पैसे घेऊन तयारच होता. तो कर्ज एका दिवसात फेडून टाकणार, कर्ज गेलं की अट गेली, आणि अट गेली की आम्ही.

हा दुसरा गिऱ्हाईक एकदा बघायला आला होता. माझ्या स्वयंपाकघरात शिरला, न विचारता ओट्यावरचं कपाट उघडलं, आत तांदळाचा डबा होता त्याच्याकडे बघून हसला, आणि भिंतींचे फोटो काढून गेला. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. नऊ नंबरच्या घरात मी बावीस वर्षं राहतेय. माझा नवरा रूबेन तिथेच गेला. मी बहात्तर वर्षांची. दुसरीकडे अशा घरांसाठी नाव घालायला गेले, तर खिडकीतली बाई म्हणाली, सात वर्षं थांबावं लागेल. तिला काय जातंय सांगायला!

यारेलीने आम्हाला चार वेळा समजावलं होतं. काउंटीचा कारभार बघणाऱ्या बोर्डाच्या बैठकीत एक बिनचर्चेची यादी असते. ज्यावर कुणाचा वाद नाही असे वीस-पंचवीस विषय त्यात घालतात आणि एका दमात, एकाच मताने मंजूर करतात. आमचा विषय त्यात एकोणिसावा. 'आपण फक्त बसायचं. पिवळं दिसलं पाहिजे, आवाज नको,' असं ती म्हणाली.

इथेच माझं बिनसलं. मी बारा वर्षांची असताना आम्ही गावातल्या फिलिपिनो गल्लीत एका हॉटेलात राहायचो. हॉटेल म्हणजे काय, एक खोली, सहा माणसं, संडास मजल्याच्या टोकाला. माझा बाप शतावरीच्या शेतात वाकून वाकून कुबडा झाला होता. एक दिवस कळलं, आमच्या गल्लीवरून मोठा रस्ता जाणार. तेव्हाही आम्हाला सांगितलं होतं, चांगले कपडे घालून या आणि शांत बसा. बापाने लग्नातला कोट घातला. आम्ही मूग गिळून बसलो. वर बसलेल्या माणसाने कागद वाचला, सगळे 'हो' म्हणाले, आणि मी बूट नीट करायला वाकले तेवढ्यात आमची गल्ली गेली. बापाने मला विचारलं, 'झालं? एवढंच?' तो प्रश्न साठ वर्षं माझ्या कानात आहे.

म्हणून या वेळी बोलायचं, हे मी ठरवलंच होतं. आठवडाभर बसून भाषण लिहिलं होतं, दोन पानं, मोठ्या अक्षरात. यारेलीला पत्ता लागू दिला नाही.

कचेरीच्या दाराशी टेबलावर हिरव्या चिठ्ठ्या होत्या. नाव, विषय क्रमांक, आणि खाली दोन चौकटी. पहिली: मला बोलायचं आहे. दुसरी: हा विषय यादीतून काढून वेगळा चर्चेला घ्यावा. यारेली ओडेलचं नळकांडं उंबऱ्यावरून चढवण्यात गुंतली होती. मी दोन्ही चौकटींत खूण केली आणि चिठ्ठी कारकुनाच्या टोपलीत टाकली. मनात म्हटलं, बघू आता कसे एका दमात गिळतात ते.

नऊ वाजता बैठक सुरू झाली. वर पाच खुर्च्या, त्यातली एक रिकामी. सभासदांपैकी एक जण आजारी होता. अध्यक्ष मिसेस हॅगर्टी, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी यादी हातात घेतली आणि म्हणाल्या, 'विषय एकोणीस वगळून बाकी सगळे.' चौघे 'हो' म्हणाले. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. चोवीस विषय मंजूर, आमचा तेवढा बाहेर.

यारेलीचा चेहरा पांढराफटक पडला. ती वाकत वाकत कारकुनापाशी गेली, परत आली आणि आमच्या रांगेत कुजबुजून सांगितलं. कुणीतरी विषय बाहेर काढलाय. आता तो विहिरींच्या सुनावणीनंतर येणार. कर्जाच्या कामाला चार मतं लागतात, आणि आज माणसं आहेतच चार. त्यातले मिस्टर ब्रॅनम साडेअकराला उठून विमान पकडणार. पुढची बैठक दोन आठवड्यांनी.

दोन आठवड्यांनी! आणि सौदा शुक्रवारी.

खरंच सांगते, बोटांना मुंग्या आल्या आणि कानात नुसतं सूं व्हायला लागलं. साठ वर्षांपूर्वी आम्ही गप्प बसलो म्हणून घर गेलं, आणि आज मी गप्प बसले नाही म्हणून जाणार. तेही एकटीचं नाही, बत्तीस बिऱ्हाडांचं.

ओडेल फणफणला. 'कोण तो दीडशहाणा? त्या गिऱ्हाइकाचाच माणूस असणार. मला नुसतं दाखवा, हे नळकांडं घालतो त्याच्या डोक्यात.'

मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, असल्यांच्या पोटी दगड जन्मावेत. माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं, कारण शिव्या द्यायची वेळ आली की माझा नंबर पहिला. मी मान डोलावली. इतकी घाबरले होते की मान डोलावली, आणि वर म्हटलं, 'हो ना, मेला कोण असेल तो.'

विहिरींच्या सुनावणीला शेतकऱ्यांची रांग दारापर्यंत लागली होती. जमिनीखालचं पाणी कुणी किती उपसायचं यावर एकेक जण दोन-दोन मिनिटं बोलत होता. एकाने तर आपल्या बदामाच्या झाडांची नावंच सांगायला घेतली. मी घड्याळाकडे बघत होते. दहा वाजले. दहा वीस. नाक्यावरचा फळवाला काय म्हणेल, रूबेनची खुर्ची कुठे ठेवू, मुलाकडे नेवाड्यात जाऊ तर त्याच्या चाकांवरच्या घरात तेच चौघे कसेबसे झोपतात, असलं काहीही डोक्यात येत होतं. पावणेअकराला बाथरूमला जाते म्हणून उठले आणि कारकुनाला बाजूला गाठलं.

'माझी चिठ्ठी परत द्या,' मी म्हटलं. 'चुकून झालं.'

तो चष्म्यावरून बघत राहिला. माणूस वाईट नव्हता. हळू आवाजात म्हणाला, 'बाई, अध्यक्षांनी विषय बाहेर काढलाय. आता तो क्रमानेच येणार. तुमचं नाव पुकारतील, तेव्हा माईकवर सांगा काय ते.'

'नाव पुकारणार?'

'हो. कुणाच्या मागणीवरून काढला ते वाचून दाखवावं लागतं.'

मी जागेवर येऊन बसले. आता एक नाही, दोन भीती. घर जाणार ही एक, आणि माझ्यामुळे गेलं हे या तेरा जणांच्या देखत समजणार ही दुसरी. यारेलीला सांगून टाकावं असं शंभरदा वाटलं. ती पोरगी ब्रॅनमच्या मदतनिसाला चिठ्ठ्या पाठवत होती, नखं खात होती. मी तोंड उघडायची आणि मिटायची. एरवी माझं तोंड मिटत नाही.

ओडेलने खिशातून आल्याची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. 'खा. तुमचा रंग उतरलाय, मिस सिसिंग. काळजी करू नका, त्या नालायकाला मी बघून घेतो.' नार्सिसाचं सिसिंग बिल्डिंगनेच केलंय. गोळी मी मुठीत धरून ठेवली.

अकरा वीसला शेवटचा शेतकरी बसला. ब्रॅनमने फाईल मिटली, पेन खिशाला लावलं. मिसेस हॅगर्टी म्हणाल्या, 'विषय एकोणीस. ऑर्चर्ड कोर्टचं कर्ज वर्ग करणे.' घरांच्या खात्याचा एक अधिकारी उठून माहिती द्यायला लागला. वेगळी चर्चा म्हटली की त्याला बोलणं भाग होतं. बोलला, बोलला, आणि आणखी बोलला. अकरा सत्तावीस. ब्रॅनम उभा राहून कोटात हात घालत होता.

'चर्चेची मागणी,' मिसेस हॅगर्टींनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली, 'नार्सिसा व्हियारुएल, घर नंबर नऊ. बाई, आपल्याला तीन मिनिटं.'

आमच्यातली तेरा डोकी माझ्याकडे वळली. मी उठले तेव्हा ओडेलने पाय आत घेतले, जायला वाट दिली, पण वर बघितलं नाही. माईक सात पावलांवर होता. हातात भाषणाची ती दोन पानं होती. समोरच्या घड्याळात तीन मिनिटं लाल आकड्यांत लागली आणि उलटी पळायला लागली. दोन एकोणसाठ. दोन अठ्ठावन्न.

साठ वर्षं ज्याची वाट बघितली तो माईक माझ्या तोंडासमोर होता. बापाचा कोट आठवला. आणि ब्रॅनमचा हात दाराकडे.

'मी मागणी मागे घेते,' मी म्हटलं. आवाज माझा वाटेना. 'मला काही बोलायचं नाही. कृपा करून मतं घ्या. आत्ता घ्या.'

मिसेस हॅगर्टींनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, 'नावं पुकारा.' कारकून भराभर पुकारू लागला. पहिला: हो. दुसरा: हो. मिसेस हॅगर्टी: हो. ब्रॅनम दारापाशी पोचला होता. तिथूनच त्याने हात वर केला.

कारकून म्हणाला, 'माईकवर बोलावं लागेल, साहेब. नाहीतर नोंद होत नाही.'

ब्रॅनमने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्याला जो एवढासा वेळ लागला, तेवढ्यात माझं सगळं घर खोलीखोलीने माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मग तो परत आला, टेबलावर वाकला, म्हणाला, 'हो,' आणि चालता झाला.

माणसं टाळ्या वाजवायला लागली. यारेली मागच्या बाईच्या गळ्यात पडून रडत होती. मी माईकपाशीच उभी होते. कारकुनाने येऊन मला बाजूला घेतलं.

बसस्टॉपवर कुणी माझ्याजवळ आलं नाही. यारेलीने फक्त एकदा विचारलं, 'का, मिस सिसिंग?' मी तिला बापाचं सांगायला गेले, पण दोन शब्दांपुढे जमलं नाही. ती स्वेटरची बाही ओढत राहिली. राग यावा असंच होतं ते. बसमध्ये मी पुढच्या बाकावर एकटी बसले, धुक्याकडे तोंड करून. आता घर होतं, पण त्या जिन्यावरून रोज वर कशी जाणार होते मी?

दोन स्टॉप गेल्यावर चाकांचा खडखड आवाज आला. ओडेल धापा टाकत माझ्या शेजारी येऊन बसला.

'नळकांडं डोक्यात घालणार होतात ना?' मी म्हटलं. 'घाला.'

'आधी ड्रायव्हरच्या. याला अजून ब्रेक मारता येत नाही.' मग त्याने कोटातून दोन चुरगळलेली पानं काढली. माझी. माईकपाशी पडली होती, मला भानच नव्हतं. ती त्याने माझ्या मांडीवर ठेवली. 'पंचावन्न वर्षं मिळाली आहेत, मिस सिसिंग. मला कुठे विमान पकडायचं नाही. वाचा.'

मी पानं सरळ केली. मागच्या बाकांवरचं बोलणं थांबलं होतं. मी वाचायला तोंड उघडलं, पण पहिल्याच ओळीला अडले, कारण घर जाणार या भीतीने ती ओळ सकाळपासून मी मनात कितीदा तरी खोडली होती.

'मी नार्सिसा व्हियारुएल,' मी वाचलं. 'मी ऑर्चर्ड कोर्टमध्ये नऊ नंबरच्या घरात राहते.'