वळणाआधीचा ब्रेक

“परत दाबलात,” उताराच्या तळाशी उभा असलेला मेहुणा म्हणाला. “भावोजी, त्या वळणावर आहे तरी काय? वाघ बसलाय?”

काचवाल्याने सायकल थांबवून पाय टेकला. “हात आपोआप जातो रे.”

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासण्यात त्याचा जन्म गेला, म्हणून सगळे त्याला काचवालाच म्हणत. डोंगरवाटांवरच्या सायकल शर्यतींचं वेड मुळात त्याचं नव्हे, बायकोचं. लग्नानंतर तिनेच त्याला या खडकाळ उतारांवर आणलं. पुढे तिचा गुडघा कुरकुरायला लागला, तेव्हा तो पुढे आणि ती मागे अशी रीत पडली. तो ओरडून सांगायचा, “दगड,” “मूळ,” “निसरडं.” मागून उत्तर यायचं, “दिसतंय हो. मी काही तुमच्या दुकानातलं गिऱ्हाईक नाही.”

खऱ्या शर्यतीत मात्र तो कधी उतरला नाही. त्याआधी क्लबची चाचणी असे; हाच उतार ठरलेल्या वेळेत संपवायचा. दरवर्षी त्याची वेळ थोडक्यात हुकायची. “तुझ्यासाठी थांबायची सवय लागलीय,” असं तो तिला म्हणायचा. शेवटच्या आजारपणात, उशीला टेकून बसल्या बसल्या ती म्हणाली होती, “आता तेही निमित्त संपेल बरं का. एकदा तरी शर्यतीत दिसा.” तो हसला होता. दुसरं काय करणार होता?

ती गेल्यावर तिच्या धाकट्या भावाने त्याला रोज सकाळी घरातून ओढून काढलं. चढावर दम पुरायला लागला. तीव्र उतारावर सीटच्या मागे अंग झोकणंही जमलं. चाचणी दोन दिवसांवर आली, अडलं ते फक्त या वळणापाशी. वळण चांगलं रुंद होतं. तिथे ब्रेक दाबण्यासारखं काही म्हणता काही नव्हतं.

“तुम्ही उतरा. मी वळणापाशी उभा राहून बघतो,” मेहुणा म्हणाला.

काचवाला पुन्हा वर गेला, पुन्हा उतरला. वळणाआधी चाक पुन्हा मंदावलं. मेहुण्याने हात आडवा केला आणि तो थांबला.

“ब्रेक दाबताना मान वळवता तुम्ही,” मेहुणा हळू आवाजात म्हणाला. “थोडीशीच. मागे.”

काचवाल्याने मागे पाहिलं. झाडी तिथे संपत होती. वरची सगळी वाट तिथूनच काय ती दिसायची. बायको येते आहे ना, हे तो तिथे बघून घ्यायचा आणि मग पुढे जायचा. चाचणीला एकटा उतरतानाही त्याने तेच केलं असणार. हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

“मोडावी लागेल ही सवय,” मेहुणा म्हणाला.

“मोडतो.”

“ताई नाहीये आता मागे, भावोजी.” एवढं बोलून मेहुणा हातातल्या घड्याळाच्या बटणाशी उगाच चाळा करत राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, “मी खाली जातो. वेळ मोजतो.”

काचवाला वर जाऊन उभा राहिला. सायकलवर बसावंसं वाटेना. अखेर खालून शिटी ऐकू आली, तसं त्याने पेडल मारलं. दगड आले, मुळं आली. तोंडाशी आलेले शब्द त्याने गिळले. झाडी संपली. बोटं ब्रेकवर गेली, तशी त्याने ती उचलून मूठ आवळली. मान ताठ धरली. वाट सरसर मागे गेली, वळण सुटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्याने, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

एवढ्या वेगाने तो त्या उतारावरून आजवर कधीच आला नव्हता. मेहुण्याला ओलांडून बराच पुढे गेल्यावर चाक थांबलं.

“किती लागला वेळ?”

तो सायकल ढकलत मागे आला. मेहुणा वर वळणाकडे बघत उभा होता. उडालेली धूळ तिथे अजून खाली बसत होती. त्याच्या हातातलं घड्याळ तसंच चालू होतं.

“दाबायचं राहिलं, भावोजी,” तो म्हणाला. “तुम्ही आलात आणि… मी ताईची वाट बघत राहिलो.”

“असू दे,” काचवाला म्हणाला.

धूळ बसेपर्यंत दोघंही बघत राहिले. वळण रिकामं होतं. मग मेहुण्याने नाक पुसलं, घड्याळ शून्यावर आणलं. काचवाल्याने सायकल वळवली आणि पुन्हा एकदा उतरण्यासाठी तो ती ढकलत चढ चढू लागला.