दारातली ताटं

"अक्रोडाच्या सावलीत पोर झोपवू नकोस गं. जड असते ती सावली," सासूबाई म्हणाल्या होत्या.

मी जीवशास्त्र शिकलेली. हसले, आणि तरलानची झोळी त्याच झाडाच्या खालच्या फांदीला बांधली. वर, पार शेंड्याशी, नादअली लांब काठीनं फांद्या झोडपत होता. हिरवी फळं धपाधप पडत होती, पण पलीकडच्या अंगाला. लग्नानंतरची सरावंदमधली माझी ती पहिलीच सुगी, त्यामुळं फळं कुठं पडतील हे झोडपणाराच ठरवतो अशी माझी समजूत होती.

झोडपणं एकाएकी थांबलं. पानांतून दोन अनवाणी पाय खाली आले, मग मळकी विजार, मग तो अख्खा.

"अरूस खानुम, हे फळ कुणी टांगलं इथं?"

सरावंदमध्ये मला नावानं कुणी हाक मारत नाही. बेहनामची अरूस, म्हणजे बेहनामची बायको, गावची सून.

"झोपलीय ती. सावलीबिवलीवर माझा विश्वास नाही," मी म्हटलं.

"माझाही नाही. मला भरवसा नाही तो फक्त माझ्या नेमावर. उद्या डोक्यात अक्रोड बसला तर दोष सावलीला देतील, आणि शिव्या मला."

त्यानं झोळी सोडली. अक्रोडाच्या सालीनं त्याचे हात मनगटापर्यंत काळे झाले होते. ते हात माझ्या बाळाला लागणार म्हणून माझा जीव वरखाली. पण त्यानं दोन्ही तळवे बाहेर वळवले आणि नुसत्या कोपरांमध्ये तिला धरून पाटाच्या काठी, विलोच्या झाडाखाली नेऊन ठेवलं. ती जागीसुद्धा झाली नाही.

"तुम्ही दोर का बांधत नाही कमरेला?" मला राहवेना.

"दोर बकरीला बांधतात."

"आणि पडलात तर?"

"तर लवकर खाली येईन. आज तुमच्यापायी फांदी-फांदी करत यावं लागलं."

खाली फळं वेचणाऱ्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. मला हसू आलं नाही. मी तशीच आहे. ताटात चाकू दिसला की मला आधी बोट दिसतं.

सरावंद अल्वंद डोंगराच्या कुशीत आहे. अक्रोडावरच जगतं. दर शरदात कुणीतरी झाडावरून पडतं. कुणी मरतं, कुणी उरतं. पडल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या बागेत एक मेंढी कापतात, मांस वाटतात, आणि राहिलेलं झाड दुसरा कुणीतरी चढतो. थांबून चालत नाही. पाऊस आणि कावळे दोघंही टपलेले असतात.

पुढच्या सुगीत नादअली पडला. शेंड्यावरून नाही. चहा आला म्हणून हाक मारली, तो उतरत होता, आणि सगळ्यात खालच्या फांदीवरून पाय सटकला. उंची एवढीशीच. कमरेखालचं सगळं गेलं. आम्ही राहतो तेहरानला, तिथं फोनवर कळलं. सासूबाई म्हणाल्या, "जीव वाचला, खुदाचे आभार मान." मी आभार मानले. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. आई होती, ननेगुलाब. ती त्याचं सगळं करायची. या वसंतात ती गेली, तेही फोनवरच कळलं. "आता त्याचं कोण करतं?" मी विचारलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "गाव आहे की."

यंदा आम्ही सुगीला गेलो. तरलान आता चालते, पायऱ्या दिसल्या की धावते. पोचल्या दिवशीच सासूबाईंनी आशचं, म्हणजे शेवया-भाजीच्या दाट सुपाचं, एक भांडं भरलं. वर तळलेला कांदा, पुदिना, दह्याची रेघ. पाहुण्याला करावं तसं.

"नादअलीच्या दारात ठेवून ये. आज आपला वार. आणि आत नको जाऊस. बिचारा एकटा पुरुष माणूस, लाजतो."

तरलानला कडेवर घेऊन मी गेले. मशिदीमागची गल्ली, निळं दार, अर्धं उघडं. उंबऱ्याच्या आत आधीच ताटं होती. पुलावाचं एक, त्यावर तूप थिजलेलं. मांसाच्या रश्शाचं एक, त्यात मांजर. सुकून लाकूड झालेली नानची चवड. एक खरबूज, नव्या नवरीसारखं नटवून कापलेलं, माश्यांनी काळं. आज आपला वार होता, पण आपला वार आहे हे बहुतेक सगळ्यांनाच वाटत होतं.

"कोण?" आतून आवाज आला.

"अरूस. बेहनामची."

"वा! तेहरान आलं! ठेवा, ठेवा. तुमच्या हातांना दुखू नये." आभार मानायची ही आमच्याकडची रीत.

"हात दुखायचे असतील तर मामानचे, सासूबाईंचे. मी नुसतं आणलं."

तो हसला. मग अंधारातून एक काठी सरपटत बाहेर आली. झोडपायचीच काठी, अर्ध्यावर कापलेली, टोकाला वाकवलेला खिळा. भांड्याच्या कानात खिळा अडकवून त्यानं ते गालिच्यावरून हळूहळू ओढत नेलं. आश सांडली नाही. सवयीचं काम होतं.

तेव्हा मला वास आला.

आई झाल्यापासून मी सगळ्याला नाक लावते. दुधाच्या बाटलीला, लंगोटाला, झोपलेल्या पोरीच्या तोंडाला. हा वास घाणीचा नव्हता. गोडसर होता. मी तरलानला उंबऱ्यावर बसवलं, हातात किल्ल्या दिल्या, आणि आत गेले.

"अहो, अहो, अरूस खानुम! काय करताय! फिरा मागं!" त्यानं घोंगडी छातीपर्यंत ओढली. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले, पण डोळे तेच. "गल्ली बघते. बेहनामचं नाक कापाल."

"तुमची कूस कोण बदलतं?"

"हं?"

"दिवसातनं किती वेळा? कोण करतं?"

"गल्लीतला मश रहीम येतो ना. सकाळी." घोंगडी सारखी करत म्हणाला, "येत होता. आता सुगी लागली. उजाडायच्या आत सगळे झाडावर, अंधार पडल्यावर घरी. माणूस तेव्हा स्वतःची कूस बदलायच्या लायकीचा राहत नाही. मला ठाऊक नाही का?"

"आणि बायका?"

"बायका काय आत येणार? तोबा! एवढं जेवण पाठवतात. बघा ना, राजा खात नसेल एवढं."

"पाठ बघू मला."

"नाही."

"मी पोरीचं सगळं करते—"

"मी तुमची पोर नाही." त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. उंबऱ्यावर तरलान दचकली. त्यानं लगेच सूर उतरवला. "दुखत नाही हो. खुदाची हीच मेहेरबानी. खालचं काही कळतच नाही. बेहनामला पाठवा. तुम्ही जा."

तरलान लहान होती तेव्हा झोपेत तिचं डोकं मी या अंगाचं त्या अंगाला करत असे, चपटं होऊ नये म्हणून. हे मला सासूबाईंनीच शिकवलं होतं. या गावातल्या प्रत्येक बाईला ते येतं. हे मनात घोळवतच मी घरी आले आणि काही न सांगता रडायला लागले, त्यामुळं सासूबाईंना आधी वाटलं पोरीला काहीतरी झालं.

"त्याला उपाशी ठेवलंय का गावानं?" सगळं ऐकून त्या म्हणाल्या. त्यांचे हात सालीनं काळे होते, त्यामुळं डोळे त्यांनी दंडाला पुसले. "पहिला घास त्याचा काढते मी. पहिला!"

"मामान, जेवणाचं म्हणत नाहीये मी."

"मग काय करू? मी जाऊन त्याची विजार सोडू? या वयात?"

बेहनाम दिवेलागणीला झाडावरून उतरला. चहासुद्धा न घेता मी त्याला पाठवलं, आणि मागून जाऊन दारात उभी राहिले. आतून दोघांचं बोलणं ऐकू आलं, थट्टा, शहरी हातांबद्दल काहीतरी. बेहनाम बाहेर आला तो थेट हौदाकडे गेला. सालीचा काळा रंग महिनाभर जात नाही हे त्याला ठाऊक आहे, तरी तो हात घासत राहिला.

"काय दिसलं?"

"हाड," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शहरातून डॉक्टर आणला. सभ्य माणूस. एकाच अंगावर पडून पडून झालेली जखम धुतली, पट्ट्या दिल्या, औषधं लिहिली. म्हणाला, दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर यातल्या कशाचा उपयोग नाही. नाहीतर इस्पितळात आणा, ठेवून घेऊ, पण सोबतीला माणूस लागेल. त्यानं खोलीतल्या सगळ्यांकडे पाहिलं. खोलीत त्या वेळी गाव होतं. मश रहीमनं उजवा हात डोळ्याला लावला, "माझ्या डोळ्यांवर, डॉक्टरसाहेब," म्हणजे ते काम माझं. शिंप्यानं लावला. खाटकानं लावला. त्यांच्यातला एकही खोटं बोलत नव्हता. पण इस्पितळात सोबत राहायचं तेवढं कुणाच्या डोळ्यांवर बसेना. सुगी उरकली की नेऊ, असं ठरलं.

"नादअली, तू काय म्हणतोस?" मश रहीमनं विचारलं.

"मी म्हणतो चहा घ्या," नादअली म्हणाला. "एवढी माणसं माझ्याकडं लग्न असतं तरी आली नसती."

सगळे खो-खो हसले, आणि मला कळलं की आता हे सुटणार. हसून झालं की सरावंदमध्ये विषय संपतो.

आम्ही होतो तोवर बेहनाम जात राहिला. सकाळी, दुपारी बाग सोडून, संध्याकाळी. बाकीचे? शिंपी एकदा गेला. खाटकानं मांस पाठवलं. मी मशिदीत बायकांच्या बाजूला उभी राहून सगळं सांगितलं, काहीही न लपवता. त्या रडल्या. मनापासून रडल्या. दुसऱ्या दिवशी निळ्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. केशराचा पुलाव, डाळिंबाचा रस्सा, कुणीतरी तर मेंढीचं अख्खं डोकं पाठवलं होतं, जिभेसकट.

मग बेहनामची रजा संपली.

निघायच्या सकाळी मी निरोप घ्यायला गेले. उंबऱ्यावरच बसले, आत नाही. वरच्या बागांतून काठ्यांचे आवाज येत होते. तो कान देऊन ऐकत होता.

"मास्तरांचं झाड झोडपतायत," तो म्हणाला. "त्याच्यावरनंच उतरलो मी."

"पडलात म्हणा."

"तुम्हाला सगळं वाईटच सुचतं, अरूस खानुम. शिकलेल्या माणसांचं असंच असतं."

"आज मश रहीम आला होता?"

"येईल."

"काल?"

"सुगीचे दिवस हो. त्याच्या वरच्या बागेत अजून एक ओळ उभी आहे." मग तरलानकडे बघून म्हणाला, "हिला झाडाखाली नाही ना झोपवत?"

"नाही."

"चांगलं." त्यानं डोळे मिटले. "मला ताप आहे थोडा. हवा बदलली की येतो. बेहनामला सांगू नका, गाडी चालवायचीय त्याला."

मी बेहनामला सांगितलं. त्यानं गाडी मशिदीपाशी थांबवली, स्टिअरिंग धरून बसला. तरलान मागं रडत होती. उद्या त्याला कारखान्यात हजर व्हायचं होतं. मग त्यानं उतरून मश रहीमच्या घरी निरोप ठेवला. बायकोकडे. मश रहीम झाडावर होता.

आता मी तेहरानमध्ये आहे आणि रोज फोन करते. सासूबाई सांगतात, आज पुलाव पाठवला, आज कोंबडी. मी विचारते, "कूस कुणी बदलली?" त्या म्हणतात, "मश रहीम म्हणत होता जाऊन आलो." मी विचारते, "आत?" मग फोनवर चहाच्या समोवारची खदखद तेवढी ऐकू येते. काल त्या म्हणाल्या की ताटं तशीच असतात आताशा, तो ओढून घेत नाही. "भूक मेली असेल," त्या म्हणाल्या. मग एकदम, "मी काय करू, पोरी, तूच सांग. मी काय करू?"

इस्पितळाची गाडी पाठवा म्हणून मी शहरात फोन केला. सोबत कोण आहे, त्यांनी विचारलं. बेहनामनं शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, जायचं ठरवलंय. शुक्रवार अजून लांब आहे.

तुमच्यापैकी कुणी या दिवसांत अक्रोड घ्यायला त्या बाजूला जाणार असेल, तर बसथांब्यावरून मशिदीकडे चढा, मागच्या गल्लीत निळं दार आहे. कडी लावलेली नसते, उठून लावणार कोण? खायला काही नेऊ नका. उंबऱ्यावरची ताटं ओलांडा आणि आत जा. अरूसनं पाठवलंय म्हणा. तो म्हणेल, मी बरा आहे, बसा, चहा घ्या. बसू नका. त्याच्या कमरेखाली हात घाला आणि त्याला कुशीवर वळवा. त्यानं काही म्हटलंच नाही, तर आधी त्याच्या तोंडाशी कान न्या.