पन्नास सह्यांची हरकत

आमच्या गल्लीत चौऱ्याऐंशी घरं, चौऱ्याऐंशी पाण्याचे मीटर आणि दोनशे एकोणऐंशी मतदार. दारं सगळी गल्लीतच उघडतात. उत्तरेच्या रांगेचे मीटर मात्र मागच्या भिंतीवर, कारण मीटरवाला घरात शिरून भांडी मोजतो असा तिथल्या बायकांना संशय. नव्या प्रभागांची हद्द मीटर बघून आखली गेली आणि उत्तरेची रांग पलीकडच्या प्रभागात गेली.

माझी आत्या गेल्या वेळी एकतीस मतांनी पालिकेवर निवडून आली होती. रंगाच्या कारखान्याने आपलं पाणी उघड्या नाल्यात सोडू नये, असं सभेत म्हणणारी ती एकटीच. अर्धी गल्ली तुटली की तिची जागा गेली.

या हद्दीवरच्या हरकतीला घर क्रमांकासह पन्नास सह्या हव्या होत्या, आणि ती यादी कार्यालयाबाहेर फळ्यावर लागते. गल्लीतली निम्मी माणसं कारखान्यात आहेत, बाबाही.

मी दारोदार निघाले तेव्हा कारखान्याचा मुकादम कोपऱ्यावर चहा पीत उभा होता. मी ज्या दारात शिरे त्या दाराकडे बोट करून तो काहीतरी पुटपुटे. मी नाडी मोजली. एकशे बारा.

"बघतोय का गं तो?" शिंपीणकाकूंनी विचारलं.

"बघतोय."

"मग दार लोट आणि पेन दे. आमच्या ह्यांना सांगू नकोस, त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही."

शेवटची, एकसष्टावी सही बाबांची. "सत्तावीस वर्षं रंगात हात बुडवतोय, शाईला काय घाबरायचं?" असं म्हणून हसले आणि टोपण न लावताच पेन खिशात ठेवलं. डाग पसरत गेला, त्यांच्या लक्षात आलं नाही.

बुधवारी हरकत दिली. नाव मागे घ्यायची मुदत शुक्रवारी पाचपर्यंत होती. शुक्रवारी सकाळी मुकादमाने त्या यादीची प्रत हजेरीच्या टेबलावर नुसती ठेवली.

दुपारभर मी कार्यालयातल्या बाकावर बसून होते. एकेक जण येई, माझी नजर चुकवून कारकुनासमोर वाके. कारकून पट्टी ठेवून नावावर रेघ मारी. चार वाजता पन्नास उरल्या.

"पन्नास चालतात ना?"

"चालतात. पण घड्याळही चालतंय, ताई."

पाचला दहा मिनिटं असताना बाबा आले, सोबत त्यांच्या पाळीतले दोघे. पायात कामावरचे गमबूट तसेच.

"बाबा, हात जोडते, घरी जा."

"नाव राहिलं तर उद्यापासून आम्हा तिघांना नाल्याकडच्या सांडपाण्याच्या टाकीत उतरवणार आहेत," ते हळूच म्हणाले. "गेल्या वर्षी कोण उतरलं होतं, आठवतंय ना?"

आठवत होतं. त्याचं प्रेत वर ओढणाऱ्यांत बाबा होते.

मी बाकावरून उठले नाही. कारकुनाने तीन रेघा मारल्या, यादी वरपासून खालपर्यंत दोनदा मोजली आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: वैध सह्या, सत्तेचाळीस.