बाबांचं कपाट आणि बारा बैल

बाबांनी पृथ्वीगोल दोनदा फिरवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू जेरूसलेम मीच उचलून पलीकडे ठेवलंय.

"नीट बघ, मिन्ना. पूर्वेलाच असेल."

"पूर्वेला न्यूझीलंड आहे, बाबा. जेरूसलेम पश्चिमेला, जरा उत्तरेकडे."

मी शाळेत भूगोल शिकवत होते आणि तोंड आवरणं मला कधी जमलं नाही. बाबांच्या पोलंडमधल्या गावात सगळे जेरूसलेमकडे, म्हणजे पूर्वेकडे, तोंड करून प्रार्थना करायचे. ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियातल्या या सोन्याच्या खाणींच्या गावात येऊन बावीस वर्षं झाली, तरी बाबांचं तेच चालू होतं. आम्ही नऊ ज्यू कुटुंबं. सोनं कुणालाच फारसं लागलं नाही, पण इतकी वर्षं जीव ओतून आता कुठे आमचं लाकडी प्रार्थनाघर उभं राहिलं होतं. ज्याच्याकडे तोंड करून प्रार्थना करायची ते पवित्र ग्रंथांचं कपाट बाबांनी पूर्वेच्या भिंतीत बसवलं होतं, एकही खिळा न वापरता. जन्मभर लोकांच्या खिडक्या आणि शवपेट्या केलेल्या माणसाचं हे एकच काम मनासारखं झालं होतं. उद्घाटन रविवारी होतं.

प्रार्थनाघराचे अध्यक्ष बेन्शरशेठ म्हणाले, "लायझर, कपाट काढ नि समोर बसव. त्यात काय एवढं!"

"समोर दार आहे. आणि काढलं तर फुटेल."

"मग आम्ही काय जेरूसलेमला पाठ दाखवायची?"

दोन दिवस बाबा धड जेवले नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी सूप पिता पिता ते थांबले.

"कपाट हलत नाही ना? मग घर फिरवू."

बैलांनी घरं ओढणं आमच्याकडे नवं नव्हतं. गेल्याच वर्षी टेकडीवरचं पोस्ट ऑफिस असंच खाली आलं होतं. गाडीवान क्विनलन बारा बैल घेऊन आला. ग्रंथ बेन्शरशेठच्या घरी हलवले, प्रार्थनाघराखाली ओंडके सरकवले.

"हे पवित्र ठिकाण आहे," बेन्शरशेठ म्हणाले. "शिव्या नकोत."

क्विनलनने टोपी काढली. "चला, बाळांनो." बैल रवंथ करत राहिले.

"साहेब, यांना दुसरी भाषा येत नाही हो!"

"दे शिव्या," बाबा आतून ओरडले. "ग्रंथ बाहेर गेलेत. आत नुसतं माझं कपाट आहे, आणि ते करताना मी काय कमी दिल्यात?"

मग क्विनलन सुटला. बायकांनी कानांवर हात ठेवले. मी जरा सैलच ठेवले. घर करकरत वळू लागलं. बाबा आत कपाटाला मिठी मारून उभे होते. दुपारी बाहेर आले ते नाचतच. "केसभर तडा नाही!" दार आता रस्त्याऐवजी मागच्या चिनी माळ्याच्या कोबीच्या वाफ्यात उघडत होतं, पण त्याचं कुणाला काय!

उद्घाटन थाटात झालं. संध्याकाळी बाबा दफनभूमीकडे निघाले, मीही मागोमाग गेले. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. जगाच्या शेवटच्या दिवशी मेलेले जिवंत होतील नि ती उठून उभी राहील तेव्हा जेरूसलेम समोर असावं, म्हणून तिचे पाय पूर्वेकडे केले होते. खणणाऱ्याला दिशा बाबांनीच दाखवली होती. हे मला तिथे पोचल्यावर आठवलं.

"हिला काही बैल लावता येणार नाहीत," बाबा म्हणाले.

मग ते आईच्या पायांच्या पलीकडे गेले.

"मला इथे ठेव, मिन्ना. पाय पश्चिमेला. उठलो की ती समोरच असेल. तिला सांगेन, फ्रुमेट, मागे वळ."

त्यांनी खिशातून सुतारकामाची घडीची मोजपट्टी काढली. दुसरं टोक मी धरलं.