बारवबागेतले खिळे

बारवबागेत सकाळी धावायला येणाऱ्या मुलींमध्ये रुपा सगळ्यांत पुढे असायची. धडगावकडच्या डोंगरातली पोर, गावातल्या वसतिगृहात राहून शिकणारी. बूट घातले की पाय दुसऱ्याचे वाटतात म्हणायची, म्हणून धावायची ती अनवाणीच. तिला शाळेत खेळ शिकवणाऱ्या नमिराने बुटांसाठी एकदोनदा हट्ट करून पाहिला, मग सोडून दिला. जी पोर अनवाणी पायांनी वाऱ्याला मागे टाकते तिला उगाच कशाला अडवायचं?

जिल्ह्याच्या शर्यती तोंडावर आल्या होत्या. त्या सकाळी घसरगुंडीच्या वळणावर रुपा धावता धावता एकदम खाली बसली. नमिरा पोहोचली तेव्हा पोरीने तळवा दोन्ही हातांनी आवळून धरला होता आणि बोटांतून रक्त गळत होतं. मंडपाचा गंजका खिळा होता, चांगला खोल गेलेला. दवाखाना झाला, इंजेक्शन झालं, टाके पडले आणि शर्यत हातची गेली. रुपा रडली नाही. परत येताना रिक्षात एवढंच म्हणाली, "मॅडम, तिथे अजून असतील ना?"

असणारच. दिवाळीचं प्रदर्शन, लग्नांचे मंडप, पाळणे, खाऊच्या गाड्या, सगळं त्याच मैदानावर उभं राहायचं. मंडप निघायचे, खिळे मातीत राहायचे आणि वर गवत उगवायचं.

नमिराचे वडील युसुफभाई वेल्डिंगचं दुकान चालवत. त्यांनी दुकानातलं मोठं लोहचुंबक दोरीला बांधून दिलं. नमिराने ते मैदानभर ओढलं, पण वरवरचे तेवढेच खिळे चिकटले. शेवटी सुरतेला भंगाराच्या धंद्यात असलेल्या तिच्या भावाने, तौफिकने, एक यंत्र पाठवलं. लांब दांडा, खाली गोल तबकडी, कानाला लावायचे हेडफोन. जमिनीत धातू असला की कानात टिटवीसारखं ओरडायचं.

दुसऱ्या दिवशी नमिरा ते घेऊन बागेत गेली आणि गावाला विषय मिळाला.

रोज फिरायला येणाऱ्या बायकांची पुढारी म्हणजे फुलवंताबाई. पाटलांच्या घरातली, शेतीवाडी सुनांच्या हाती देऊन आता बागेची राखण करणारी. कोणी फूल तोडलं तरी तिच्या तोंडातून सुटायचा नाही. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय शोधी ऱ्हायनी व पोरी?"

"खिळे, मावशी."

"खिळा शोधाले एवढं मशीन? आम्ही काय येड्या शेतस का?"

नमिराने मूठ उघडून खिळे दाखवले. फुलवंताबाईने ते पाहिले, पण मान काही हलवली नाही. बागेच्या कोपऱ्यात जुनी बारव होती आणि तिच्या पायऱ्यांखाली मोहरांचा हंडा आहे हे गावातल्या प्रत्येकाने लहानपणी ऐकलेलं होतं. संध्याकाळपर्यंत चौकात कंडी पिकली की युसुफभाईच्या पोरीला हंड्याचा माग लागला आहे.

आणि मग व्हायचं तेच झालं. एका सकाळी लोक फिरायला आले तर बारवेच्या कडेला पहारींनी केलेले खड्डे. गुलाबाचा ताटवा उखडलेला, पाण्याचा नळ फुटलेला, चिखलच चिखल. कोणी केलं ते कळलं नाही. पण बोट दाखवायला सगळ्यांना एकच माणूस सापडला. पोलिसांनी नमिराला चौकीत बोलावलं, यंत्र ठेवून घेतलं आणि बागेच्या फाटकावर पाटी लागली, 'धातू शोधण्याचे यंत्र आणण्यास सक्त मनाई.'

त्या दिवशी युसुफभाईंनी दुकान लवकर बंद केलं. "बेटा, लोगों का मुँह कौन बंद करेगा? छोड दे," ते म्हणाले.

"अब्बा, मुँह नहीं बंद करना. दिखाना है," नमिरा म्हणाली. पण चौकीच्या बाकावर बसवलं होतं तेव्हा तिच्याच शाळेतल्या मुली समोरून गेल्या होत्या, ते तिला सलत होतं.

नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना ती भेटली. माणूस सरळ होता, पण वैतागलेला. "मॅडम, तुमचा हेतू चांगला असेल. उद्या प्रत्येक जण यंत्र घेऊन आला तर बागेचं काय राहील? गुलाबांचं काय झालं, पाहिलंत ना?"

"पाहिलं, साहेब. तुमचं बरोबर आहे," नमिरा म्हणाली. "म्हणूनच नियम करा. नुसत्या बंदीने खिळे निघत नाहीत. ते आहेत तिथेच राहतात, पोरांच्या पायांची वाट बघत."

साहेब म्हणाले, "विरोध माझा नाही, लोकांचा आहे. येत्या रविवारी सगळ्यांसमोर करून दाखवा. बाग फुलवंताबाईंच्या जिवावर चालते. त्या हो म्हणाल्या तर मीही हो म्हणतो."

रविवारी सकाळी बागेत जत्रा भरल्यासारखी गर्दी. खिळे पाहायला फार थोडे आले होते. बाकीच्यांची नजर बारवेकडे होती. चौकीतून सोडवून आणलेलं यंत्र घेऊन नमिरा घसरगुंडीपाशी उभी राहिली. शेजारी खड्डे बुजवायला वाळू भरलेलं घमेलं घेऊन युसुफभाई, मागे रांगेत तिच्या मुली, आणि रांगेच्या टोकाला पाय बांधलेली रुपा.

"मी वीतभर खोल खणीन, त्याहून जास्त नाही," नमिरा मोठ्याने म्हणाली. "गवताची चकती कापून बाजूला ठेवीन, परत जागेवर बसवीन. आणि मशीन मी नाही धरणार. मावशी, तुम्ही धरा."

गर्दीत हशा पिकला. फुलवंताबाईने पदर खोचला, डोक्यावर हेडफोन चढवले आणि तबकडी जमिनीवरून फिरवली. दोन पावलंही झाली नसतील, तोच ती दचकली.

"माय व! हाई तं बोंबली ऱ्हायनं!"

नमिराने खुरपं चालवलं. खिळा. पुढे पुन्हा खिळा. मग दाढीचं पातं, तारेचा गुंता, पत्र्याचा धारदार तुकडा. घसरगुंडी जिथे संपते, जिथे लेकरं धपकन येऊन पडतात, त्या मातीतून चाकूचं अर्धं पातं निघालं. फुलवंताबाईने ते हातात घेतलं आणि हेडफोन काढले.

"मन्हा नातू रोज आठेच खेळस," ती घसरगुंडीच्या पायथ्याकडे बोट करत म्हणाली. आता कोणी हसत नव्हतं.

सगळं तिथेच मिटलं असतं. पण पुढच्या वाफ्याशी यंत्र वेगळ्याच सुरात वाजलं आणि खुरप्याखालून एक गोल, हिरवट, जाड चकती वर आली. जुनं नाणं.

"हंडा!" कोणीतरी ओरडलं, आणि गर्दी उसळली. मागचे पुढच्यांना ढकलू लागले, एकाच्या हातात कुठून कोण जाणे फावडंही आलं. नाणं एकदा या लोकांच्या हाती गेलं की बाग संपली, आणि त्याबरोबर तिचं नावही. विचार करायला वेळ नव्हता. तिने युसुफभाईंच्या हातातलं घमेलं ओढलं, त्यातली वाळू तिथेच ओतली, घमेलं नाण्यावर पालथं घातलं आणि सरळ त्यावर बसली.

"जमिनीत जुनी चीज सापडली की ती सरकारला कळवायची, असा कायदा आहे!" ती ओरडली. "तहसीलमधून माणूस येईपर्यंत इथे कोणी हात लावणार नाही. मीसुद्धा नाही. ज्याला खणायचंय त्याने आधी मला उठवावं!"

फावडंवाला दोन पावलं पुढे आला. आणि त्याच्या नि नमिराच्या मध्ये फुलवंताबाई येऊन बसली, मातीत, चांगलं लुगडं नेसून, हातात चाकूचं पातं तसंच.

"आनि आते माले बी उठाड," ती त्याला म्हणाली.

मुलींनी न सांगता दोघींभोवती कडं केलं. लंगडत रुपाही आली. फावडंवाल्याने इकडेतिकडे पाहिलं, फावडं खाली टेकवलं आणि गर्दीत मिसळून गेला.

तहसीलचा माणूस येईस्तोवर ऊन चढलं. तोवर दोघी हलल्या नाहीत. कोणीतरी चहा आणून दिला, तो त्यांनी घमेल्यापाशीच घेतला. पंचनामा झाला, नाणं पाकिटात बंद झालं. तांब्याचं, झिजलेलं, एकटं. आजूबाजूला यंत्र फिरवून पाहिलं, हंडा कुठेच नव्हता. पण आता त्याची कोणाला फिकीर नव्हती. साहेबांनी फुलवंताबाईंकडे पाहिलं.

"काय म्हणता, बाई?"

"बंदीनी पाटी काढा," फुलवंताबाई म्हणाली. "आनि नियमनी लावा. हाई पोर सांगी तशी."

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. युसुफभाईंनी मान वळवून डोळे पुसले आणि मग तेही टाळ्या वाजवू लागले.

नवी पाटी युसुफभाईंनीच घडवली. परवानगीशिवाय यंत्र आणू नये, उजेडातच काम करावं, वीतभरच खणावं, खड्डा बुजवावा, जुनी वस्तू दिसली की हात न लावता कळवावं, निघालेलं लोखंड फाटकाशी मांडावं. मंडपवाल्यांसाठीही नियम झाला, मैदान तपासून दिल्याशिवाय अनामत परत नाही. पावसाळा सरेपर्यंत मुली आणि फिरायला येणाऱ्या बायका वाफ्यावाफ्याने जमीन चाळत राहिल्या. फाटकाशी गंजक्या लोखंडाचा ढीग वाढत गेला तसे लोक थांबून पाहायचे आणि जाताना आपल्या पोरांच्या पायांकडे एक नजर टाकायचे.

सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा जवळ आली तेव्हा वीरसिंग नावाचा एक घोडेवाला मोटारसायकलवरून नमिराचं घर विचारत आला. मिशा पिळलेल्या, बोलणं मात्र अदबीचं. "बाई, घोडी पळवायची पट्टी आहे आमची. गेल्या साली एका घोडीच्या खुरात खिळा गेला, पुन्हा ती उभी राहिली नाही. तुमची पलटण येईल का?"

पलटण गेली. फुलवंताबाई जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसली, मांडीवर यंत्र घेऊन. तापीकाठच्या गार वाऱ्यात मुलींनी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. घोडेवाले कडेला बसून बघत होते. काम संपलं तेव्हा वीरसिंग त्याची पांढरी घोडी घेऊन आला, पण पट्टीच्या तोंडाशी येऊन थांबला.

"साफ झाली ना, बाई? नक्की?"

नमिरा उत्तर देणार, तोच रुपा पुढे झाली. तिने चपला काढल्या, सलवार घोट्याच्या वर खोचली.

"मी आधी जाते," ती म्हणाली.

नमिराने मान हलवली. रुपा सुटली. पहिली काही पावलं जपून, मग लांब ढांग, मग पाय जमिनीला टेकतात की नाही ते दिसेनासं झालं. घोडेवाले उठून उभे राहिले. कोणी शिट्टी घातली, कोणी फेटा उडवला. वीरसिंगला राहवेना, त्याने घोडीवर मांड टाकली आणि टाच मारली. पट्टीच्या शेवटी त्याने रुपाला गाठलं खरं, पण जेमतेम. लगाम खेचून तो मागे वळला आणि नमिराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने हसत ओरडला,

"बाई, या पोरीची किंमत सांगू नका! जत्रेत दुसरं काही खपायचं नाही!"