किल्ली कुंडीखाली आहे

स्फाक्स शहरातल्या त्या ऑलिव्ह तेलाच्या कंपनीत सकाळी आल्याआल्या जो तो कॉम्प्युटरवर एकच शब्द टाइप करायचा: दार. आपल्याकडे दार म्हणजे उघडायचं-लावायचं दार. तिकडच्या अरबीत दार म्हणजे अख्खं घर. तेवढं टाइप केलं की कंपनीचं घरगुती पान उघडायचं. कुणाकडे लग्न, कुणाला मुलगी झाली, कुणाच्या आईला रक्त हवंय, आज खानावळीत मासा आहे की नुसतेच हरभरे, सगळं तिथं.

एवढ्याशा नावावरून पत्ता सापडतो कसा म्हणाल, तर त्यात जादूबिदू काही नाही. घरात 'बाळ्या' अशी हाक मारली तर कुठला बाळ्या, आडनाव काय, असं कुणी विचारतं का? तसंच ते. 'दार' म्हटलं की कॉम्प्युटर मागे कंपनीचं आडनाव गुपचूप चिकटवायचा, कंपनीच्याच नावांच्या यादीत बघायचा आणि पान आणून द्यायचा. बाहेर कॉफीच्या दुकानात बसून तेच टाइप करा, ढिम्म काही उघडायचं नाही.

ती यादी सांभाळायची हेदिया. आणि पान बनवलं होतं मोंजीनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, तिच्याच शेजारच्या टेबलावर बसून. दोन वर्षांपूर्वी मोंजी गेला. बसल्या जागी हृदय बंद पडलं, चार शब्द बोलायची सवड मिळाली नाही.

पानाच्या तळाशी एक ओळ होती: 'हेदिया, किल्ली सब्जाच्या कुंडीखाली आहे.'

झालं होतं असं की एका दुपारी मोंजीला घराची एकुलती एक किल्ली ठेवून गावाला जावं लागलं. हेदिया मीटिंगमध्ये, फोन बंद. या शहाण्यानं काय करावं? निरोप थेट 'दार'वर टाकला. हेदिया मीटिंगमधून बाहेर येते तो पहारेकऱ्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत जो भेटेल तो विचारतोय, "लल्ला हेदिया, किल्ली मिळाली का?" तिकडे मान द्यायचा तर बाईला लल्ला म्हणतात आणि पुरुषाला सी, पण या मानात खोडीच जास्त होती. ती अशी भडकली की मोंजी परत आल्यावर दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तो मात्र म्हणाला, घराच्या किल्लीचा निरोप घरावर नाही तर कुठं लिहू? आणि ओळ मुद्दाम काढलीच नाही. पुढं कित्येक वर्षं जिन्यात, खानावळीत, लोक तेच विचारून तिला छळत राहिले. चोराच्या हातात देईन पण तुला सांगणार नाही, असं ती ठणकावायची.

मोंजी गेला आणि विचारणं बंद झालं. लोक चांगले, तिचं मन जपत होते. पण त्या जपण्यानंच तिला जास्त लागायचं. रोज सकाळी ती 'दार' उघडायची, ती ओळ वाचायची आणि मग कामाला लागायची.

मग सूस शहरातल्या एका कंपनीनं ही कंपनी विकत घेतली. त्यांचंही एक 'दार' होतंच. हुकूम आला: कंपनी एक, तर दारही एक, आणि ते सूसचं. यापुढं प्रत्येक कॉम्प्युटरनं आधी सूसच्या यादीत बघायचं, तिथं नाव नसेल तरच स्फाक्सच्या. स्फाक्सचं पान मग कुणी उघडणार नाही, महिनाअखेरीस ते बंद.

हे करून घ्यायला सूसहून नजीब आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, जिभेला हाड नसलेला माणूस. जेवताना म्हणाला, तुम्ही स्फाक्सवाले पाहुण्याला मासा वाढता की वजन करून देता? हेदियानं ऐकून घेतलं असतं होय! तुम्हा लोकांना समुद्र फक्त पर्यटकांना दाखवायला लागतो, माशातलं काय कळणार, असं तिनं सुनावलं. दोघांचं छान जमलं.

दुपारी जुनं पान चाळताना नजीब तळाच्या ओळीपाशी थांबला.

"ही हेदिया म्हणजे तुम्हीच?"

"मीच."

"आणि लिहिणारे महाशय?"

"माझा नवरा. दोन वर्षं झाली त्याला जाऊन."

अल्लाह त्यांच्यावर दया करो, असं तो हळूच म्हणाला. मग जरा वेळानं सुचवलं, महिनाभर पान आहे, पूर्ण पत्ता टाकला की उघडेल, उतरवून घ्या.

"सी नजीब," हेदिया म्हणाली, "घरच्या माणसाला कुणी आडनाव लावून हाक मारतं का?"

याद्यांचा क्रम तिनं स्वतःच्या हातानं बदलला. दुसऱ्यांदा मोंजीला माती द्यावी तसं तिला झालं. संध्याकाळी नजीब सूसला परतला.

दुसऱ्या दिवशी सवयीनं बोटांनी 'दार' टाइप केलं. आता सूसचं पान येणार म्हणून तिनं नजर वळवली, पाहिलं तर मोंजीचंच पान. आपलं काही चुकलं असेल म्हणून तिनं क्रम तपासला. सूस पहिलं, बरोबर. कॉम्प्युटर कालचंच आठवत असेल म्हणून त्याची आठवण पुसली. तरी मोंजीच. शेवटी तिनं सूसची यादी उघडली. त्यात 'दार' नव्हतंच. तिनं नजीबला फोन लावला.

"साहेबांनी एकच दार ठेवायला सांगितलं, एकच ठेवलंय," तो म्हणाला. "आमच्याकडचं नाव मी काढून टाकलं. आता आमचीही माणसं हाक मारतात आणि तुमच्याकडे येतात."

"आणि तुमचं पान?"

"त्याचं नाव ठेवलं बाब." बाब म्हणजे तिकडे दरवाजा. "घर तुमचं राहू दे, लल्ला, दरवाजा आम्ही होतो."

साहेब चिडतील, असं ती कसंबसं म्हणाली. साहेबांनी ते पान आजवर कधी उघडलंय, असं म्हणून तो हसला. आभार मानायचे राहूनच गेले.

तिनं फोन ठेवला तोच पुन्हा वाजला. सूसच्या कार्यालयातली कुणी अनोळखी मुलगी होती, मागं चारपाचजणींचं खिदळणं.

"तुम्हीच का हो त्या हेदिया? इथं सकाळपासून सगळे विचारतायत, किल्ली मिळाली का?"

शेजारच्या टेबलांवरही ते ऐकू गेलं. सगळे तिच्याकडे बघत होते. हेदियानं तळहातानं डोळे पुसले.

"मिळाली गं बाई," ती म्हणाली. "कुंडीखालीच होती."